देवाशी भांडायची मुभा

बुधवारी संध्याकाळी माहीमच्या चर्चजवळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलायत कधी? मी कॉलेजची तीन वर्षं अडकले. बसच्या खिडकीतून त्या गर्दीकडे बघत मनातल्या मनात चडफडायचे, की या लोकांना दुसरा वार मिळाला नाही का?

नाही मिळाला. सेंट मायकल चर्चमधली ही बुधवारची नोव्हेना १९४८ पासून चालू आहे. नोव्हेना हा शब्द लॅटिनमधल्या ‘नऊ’वरून आलाय. म्हणून सलग नऊ बुधवार यायचं. पहाटेपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांत प्रार्थना होतात, मराठीतही. येणारे सगळे ख्रिस्ती नसतात, हे गर्दीवर एक नजर टाकली तरी कळतं. टिकली लावलेल्या काकू असतात, बुरख्यातल्या बायका असतात. परीक्षेच्या मोसमात तर आपल्यासारखे बरेच दिसतात (हसू नका, तुमच्यातलेही काहीजण गेले असतील).

मला सगळ्यात भारी वाटली ती तिथली पत्रं. लोक आपलं मागणं कागदावर लिहून देतात आणि त्यातली काही पत्रं प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचली जातात, नावाशिवाय. कुणाला नोकरी हवी असते, कुणाला मूल. कुणाच्या नवऱ्याची दारू सुटत नसते. मागणं पूर्ण झालं की आभाराचं पत्र येतं, तेही वाचतात. म्हणजे कुणाला काय दुखतंय, ते हजार माणसं एकत्र ऐकतात आणि त्याच्यासाठी एकत्र मागतात.

मी हे ऐकलं, कारण गेल्या वर्षी एका बुधवारी मी बसमधून उतरले. माझी मैत्रीण आत होती.

ती वसईची. एफवायपासून आम्ही एकाच बेंचवर. तिच्या आईला कॅन्सर झाला तेव्हा आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. वसई ते परळ, केमो, पुन्हा विरार लोकल. अटेंडन्सचा बोजवारा उडाला होता. या सगळ्यात तिला सर्वांत जास्त काय मिळालं असेल, तर वाक्यं. ‘देव चांगल्या माणसांचीच परीक्षा घेतो.’ ‘तू पॉझिटिव्ह राहा.’ एका नातेवाईकांनी तर सांगितलं, विश्वास कमी पडतोय तुमचा. मीही मागे नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एव्हरीथिंग हॅपन्स फॉर अ रीझन’ असं लिहून एक पांढरं हार्ट टाकलं होतं. दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. चार दिवसांनी कॅन्टीनमध्ये ती एवढंच म्हणाली, “आई रात्रभर उलट्या करत होती. त्यामागचं रीझन सांग ना.”

मला काही सुचलं नाही. मग मी घरी जाऊन बायबल वाचायला घेतलं. श्रद्धेने नाही, अपराधी वाटलं म्हणून.

बायबलमध्ये ईयोब नावाच्या माणसाची गोष्ट आहे. माणूस सज्जन, पण त्याची मुलं जातात, संपत्ती जाते, अंगभर फोड येतात. त्याचे तीन मित्र भेटायला येतात. त्याची अवस्था बघून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता. इथपर्यंत ते आदर्श मित्र. मग ते तोंड उघडतात आणि पानंच्या पानं त्याला पटवत राहतात, की तुझंच काहीतरी चुकलं असणार. देव न्यायी आहे, उगाच शिक्षा करत नाही. ईयोब ऐकत नाही. तो देवालाच जाब विचारतो. शेवटी देव बोलतो तेव्हा ईयोबाला त्याच्या ‘का?’चं सरळ उत्तर मिळत नाहीच, पण देव रागावतो त्या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं त्यांना सुनावतो. म्हणजे देवाची वकिली करणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला! माझ्या पांढऱ्या हार्टची आठवण होऊन मला कसंतरीच झालं.

पुढे स्तोत्रसंहिता वाचली. दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश तक्रारीची, विलापाची. बहुतेक विलाप शेवटाकडे वळण घेतात, देवावर भरवसा आहे म्हणतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तेही करत नाही. ते अंधारात सुरू राहतं आणि अंधारातच संपतं. एखाद्या संपादकाने त्याला आशेची दोन वाक्यं जोडली असती. कुणी जोडली नाहीत. उलट कॅथलिक चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत दर शुक्रवारी तेच म्हणतात. शुक्रवार हा येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. आणि तो स्वतः? पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने हे दुःख टळू दे म्हणून प्रार्थना केली होती. टळलं नाही. क्रुसावरून त्याने देवाला विचारलं, मला का सोडलंस, आणि त्यासाठीही एका जुन्या स्तोत्राचेच शब्द घेतले. ‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांनी हे नेमकं कुठे बसवायचं, मला कळत नाही.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. शाळेच्या पुस्तकात त्या दोन ओळींत संपतात. सोळा वर्षांच्या असताना दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. त्याआधी कुटुंबाने व्रतं, दानं, देवदर्शनं, सगळं करून पाहिलं होतं. मग भाऊ गेला, १८८२मध्ये नवराही. दुसऱ्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण त्यानंतर दुःखं थांबली, असं अजिबात झालं नाही. १९२१मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या हयातीतच गेली, पुढच्या वर्षी त्या स्वतः. मधल्या काळात, १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावात त्यांनी उभारलेलं मुक्ती मिशन आजही आहे. त्यांची प्रार्थना आणि मुलींच्या जेवणाची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

हे सांगायचं कारण, प्रार्थनेने औषधं बंद करायला सांगणारेही तुम्हाला भेटतील. माझ्या मैत्रिणीने नऊ बुधवार धरले, पण आईची एकही केमो चुकवली नाही. नर्सच्या वेळा आणि मिस्साच्या वेळा तिच्या एकाच वहीत होत्या.

सहाव्या बुधवारनंतरच्या रविवारी आई गेली.

सातव्या बुधवारी ती माहीमला जाईल, असं मला वाटलं नव्हतं. ती गेली. आठव्याला मी बरोबर गेले. आत पत्रं वाचली जात होती, कुणाच्यातरी आईचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, त्याचे आभार होते. मी घाबरून तिच्याकडे बघितलं. ती सगळ्यांबरोबर उत्तराची प्रार्थना म्हणत होती, डोळे मिटून, आवाज अजिबात न कापता. त्या बाईसाठी तिला खरंच बरं वाटत होतं की कसं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नवव्या बुधवारी तिने पत्र टाकलं नाही. बाहेर आल्यावर आम्ही वडापाव घेतला. माहीमहून स्लो पकडून अंधेरीला उतरलो, विरारची वाट बघत उभ्या राहिलो. आता तरी काहीतरी बोलावं असं वाटून मी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

“आज काही मागितलंच नाही,” तीच म्हणाली. “खूप भांडले मात्र.”

“मग?”

“मग काय, पुढच्या बुधवारी पण येणार आहे. अजून संपलं नाहीये माझं.”

विरार आली. दोघी चढलो. मी दादरला राहते, मला उलट्या दिशेला जायचं होतं, हे बोरिवली गेल्यावर लक्षात आलं.