दिवसा वीज कोणाला?

नेपाळच्या डोंगरात ओढ्याकाठच्या पाणचक्कीला घट्ट म्हणतात. लाकडी पन्हळीतून कोसळणारे पाणी आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळते आणि त्याच आसावरचा जात्याचा दगड फिरू लागतो. तिथल्या लघु जलविद्युतीची पाळेमुळे या जात्यात आहेत. काठमांडूची बालाजू यंत्रशाला आणि बुटवलचे कारखाने यांनी घट्टाच्या जागी पोलादी टर्बाइन आणले ते दळण, भातसडाई आणि तेलघाण्यासाठी. दिव्यांचे जनित्र त्याला मागाहून जोडले गेले. पुढे 1984 मध्ये 100 किलोवॉटपर्यंतच्या प्रकल्पांची परवान्याची अट सरकारने काढून टाकली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण खेड्यातले वीजघर टिकते ते दिव्यांवर नाही, दिवसाच्या कामावर.

गणित सोपे आहे. सेकंदाला 100 लिटर पाणी 30 मीटर खाली आणले की, गळती-घर्षण वजा जाता, 15 ते 18 किलोवॉट हाती लागतात. पण ओढा रात्रंदिवस वाहतो आणि गावाला दिवे लागतात संध्याकाळचे चार-पाच तास. दिवे मालवले की भार उतरतो आणि टर्बाइन बेफाम पळू पाहते. त्याला आवरायला बसवलेला नियंत्रक उरलेली वीज पाण्यात बुडवलेल्या तापक कांड्यांकडे वळवतो. म्हणजे दिवसभर यंत्र चालते ते कोणालाही नको असलेले पाणी तापवायला! छोट्या प्रकल्पाची वीज महाग पडते, या आक्षेपाचे मोठे कारण या कांड्यांत आहे. खर्च तोच राहतो, विकली जाणारी युनिटे मात्र मूठभर. गिरणी, सुतारकामाची यंत्रे, शीतपेटी यांना दिवसा वीज दिली तर तोच खर्च अधिक युनिटांवर वाटला जातो.

दुसरा आक्षेप निसर्गाचा. पावसाळ्यात दरड पाट उचलून नेते आणि उन्हाळ्याच्या तोंडी ओढा रोडावतो, तेव्हा शेताचे पाणी आणि टर्बाइनचे पाणी यांत भांडण लागते. हे खरेच आहे. म्हणून क्षमता पावसाळी प्रवाहावर न ठरवता कोरड्या महिन्यांतल्या प्रवाहावर ठरवावी लागते, पाण्याच्या पाळ्या आधी लावाव्या लागतात आणि दुरुस्तीचा निधी वीजबिलातून साठवावा लागतो. हा निधी उभा राहण्यासाठीही दिवसाचे गिऱ्हाईक हवे.

तिसरा प्रश्न सर्वांत बोचरा आहे: राष्ट्रीय ग्रिडची तार आली की हे सगळे भंगारात? तसे होऊच नये, असा नियम नाही. पण बागलुंग जिल्ह्यात सहा छोटी वीजघरे जोडून 107 किलोवॉटचे स्थानिक जाळे उभे राहिले आणि 2018 मध्ये नुवाकोटचे 23 किलोवॉटचे स्याउरेभूमी वीजघर राष्ट्रीय ग्रिडला जोडले गेले. गावाला नको असलेल्या घटकेची वीज बाहेर विकता आली, तर आलेली तारच गिऱ्हाईक होते. तेव्हा ओढा मोजायला जाणाऱ्याने उंची आणि प्रवाह यांआधी विचारायला हवे ते हे: दुपारी बारा वाजता ही वीज कोण घेणार? घट्ट बांधणाऱ्यांना हा प्रश्न पडला नाही. त्यांच्या दारात धान्याची पोती आधीच येऊन पडलेली असत.