इटलीला थंडीत जा, आणि पॅसेंजरने फिरा

रोमच्या त्रेव्ही कारंज्याच्या काठापर्यंत उतरायला फेब्रुवारी २०२६पासून पर्यटकांना दोन युरो मोजावे लागतात. बातमी आली तशी आपल्याकडच्या ग्रुपांवर 'नाणं टाकायचंही तिकीट!' म्हणून थट्टा झाली. त्या दोन युरोंचं मला काही वाटत नाही. रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान आणि जाता जाता स्वित्झर्लंड असं आठवडाभरात उरकणाऱ्या सहलींना आपण लाखांनी पैसे देतो, त्याचं वाटतं.

पहिल्यांदाच आणि स्वतःचं स्वतः जाणार असाल, तर जानेवारीचा मध्य धरा. ६ जानेवारीचा एपिफनीचा सण झाला की नाताळची गर्दी ओसरते आणि हॉटेलांचे दरही उतरतात. व्हेनिसच्या कार्निव्हलच्या तारखा तेवढ्या टाळा. पावणेपाच-पाचला सूर्य मावळतो आणि उत्तरेत पो नदीच्या खोऱ्यात धुकं बसतं, त्यामुळे एका दिवसात एकच ठिकाण होतं. मला तर हा हिवाळ्याचा फायदाच वाटतो.

मुक्काम उत्तरेतल्या बोलोन्यात ठोका. टूरवाले इथे सहसा थांबत नाहीत, हे पहिलं कारण. दुसरं कारण पोर्टिको, म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणारे कमानदार, वरून झाकलेले फूटपाथ. सगळे मिळून ६२ किलोमीटर भरतात. २०२१मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं. बाहेर पाऊस असो की बर्फ, छत्री न उघडता शहर पालथं घालता येतं. टेकडीवरच्या सान लूका चर्चपर्यंत तर ६६६ कमानींची सलग ओळ आहे, चारेक किलोमीटरची. शेवटचा चढ दम काढतो.

तिसरं कारण म्हणजे हे जंक्शन. मोदेना आणि फेर्रारा अर्ध्या तासाच्या आसपास, सहाव्या शतकातली मोझाइक जपणारं रावेन्ना सव्वा तासावर. या सगळ्या गावांना 'रेजिओनाले', म्हणजे आपली पॅसेंजर जाते. तिचं भाडं ठरलेलं असतं, आरक्षणाची भानगड नाही. सकाळी उठून धुकं बघायचं आणि गाव ठरवायचं. कागदी तिकीट मात्र चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून छापून घ्यायचं आणि मोबाइलवरच्या तिकिटाचं चेक-इन करायचं. ते राहिलं, तर तिकीट असूनही दंड. फ्रेच्चारोसा आणि इतालो या वेगवान गाड्यांची भाडी विमानासारखी वरखाली होतात, त्यामुळे लांबच्या प्रवासासाठीच त्यांची तिकिटं लवकर काढून ठेवा. बोलोन्या ते फ्लोरेन्स चाळीसेक मिनिटांत होतं खरं, पण जवळजवळ सगळं बोगद्यातून. १८६४ साली पूर्ण झालेला जुना पोर्रेत्ताना मार्ग डोंगर चढून पिस्तोइयाला उतरतो; आपला बोरघाट त्याच्या एकच वर्ष आधीचा. दरडींमुळे पोर्रेत्ताना अधूनमधून बंद असतो, तेवढं आधी बघून घ्या.

बोलोन्या स्टेशनच्या दर्शनी भिंतीवरचं एक घड्याळ कायम १०:२५ दाखवतं. ते बिघडलेलं नाही. २ ऑगस्ट १९८० रोजी त्या वेळी प्रतीक्षालयात बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं मेली. गाडीची वेळ दुसऱ्या घड्याळात पाहा.

फ्लॅट भाड्याने घेणाऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. इटलीत घर किती तापवायचं, तेही कायद्याने ठरतं. हवामानाप्रमाणे विभाग पाडलेत: बोलोन्यात १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, दिवसाला साधारण चौदा तास, रोम-फ्लोरेन्सला बारा, नेपल्सला दहाच. घरातलं तापमानही वीस अंशांच्या आसपास. पहाटे रेडिएटर गार लागला म्हणून घरमालकाशी भांडू नका, अंगात घालायचं थर्मल न्या.

शाकाहाऱ्यांनी बोलोन्याच्या प्रसिद्ध तोर्तेल्लिनी पास्त्यापासून लांब राहावं. सारणात डुकराचं मांस असतं. फेर्राराला जाऊन लाल भोपळ्याच्या सारणाचे काप्पेल्लाच्ची खावेत, लोणी आणि सेजच्या पानांवर परतलेले. पार्मेजान चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने विरजतात. कट्टर असाल तर तेही नको म्हणा.

रेल्वेचे संप होतात, पण आधी जाहीर करून. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक पॅसेंजर गाड्या तेव्हाही धावतात.

राहता राहिलं व्हेनिस. बोलोन्याहून वेगवान गाडीने दीड तास, पॅसेंजरने दोनेक तास. सकाळी जाऊन रात्री परत या. पिसा खुशाल गाळा.