पाणी तोडायचे दिवस

तासगावच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीची झुंबड उडते, त्याच सुमारास विश्रामबागेतल्या बंगल्यांच्या आवारांत गुलाबाला कात्री लागते. दोन्हीकडे कारण एकच. परतीचा पाऊस सरत आलेला असतो, हवेतला दमटपणा उतरू लागतो आणि कोवळ्या फुटीवर बुरशी बसण्याची धास्ती कमी होते. छाटलेल्या गुलाबाला साधारण दीड महिन्यात फुलं येतात. छाटलेल्या वेलीची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतात. एकाचा हार होतो, दुसऱ्याचा बेदाणा. काम मात्र तेच आणि कात्रीही बहुतेक वेळा तीच, गावाकडच्या बागेतून शहरातल्या घरी आलेली.

विश्रामबाग म्हणजे सांगली आणि मिरज यांच्या मधला भाग. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन महाविद्यालय सुरू झालं, १९४७ साली पुढे वालचंद नावानं ओळखलं जाणारं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं आणि त्यांच्या अवतीभवती वसाहती वाढल्या. निवृत्त प्राध्यापक, बँकेतले, पाटबंधारे खात्यातले आणि मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर बांधलेले बागायतदार असे सगळे इथे शेजारी-शेजारी राहतात. त्यामुळे कुंपणावरून होणाऱ्या गप्पांत जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि पलूसच्या मळ्यातला ऊस हे विषय वेगळे राहत नाहीत. इथली परसबाग शेतीकडूनच शिकली, असं माझं मत आहे. आणि शेतीकडून ती सर्वांत महत्त्वाची जी गोष्ट शिकली ती पाणी घालायची नव्हे, तोडायची.

बागकामावरची बहुतेक मराठी पुस्तकं पुण्या-मुंबईच्या अनुभवावर लिहिलेली असतात. त्यांतला पावसाळा जूनमध्ये येतो, जुलैत धो-धो पडतो, सप्टेंबरात आवरतं घेतो. सांगलीचा पाऊस असा वागत नाही. शहराला वर्षाकाठी साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस मिळतो. दीडशेएक किलोमीटरवरच्या महाबळेश्वरला त्याच्या जवळजवळ दहापट पडतो. सह्याद्री ओलांडताना ढग रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला भुरभुर उरते. जूनमध्ये पहिला जोर, मग जुलै-ऑगस्टात रखडलेले दिवस आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा खरा पाऊस, तोही दुपारनंतर गडगडाट करत, अशी इथली दोन कुबडांची चाल. म्हणून ‘पावसाळ्यात पाणी देऊ नये’ ही पुस्तकी सूचना पाळणाऱ्याची भेंडी ऑगस्टात सुकते, आणि ‘सप्टेंबरपासून नियमित पाणी सुरू करावं’ ही पाळणाऱ्याचं लिंबू मुळाशी कुजतं.

गंमत अशी, की याच शहरात पुराची भीती सर्वांत मोठी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. ते पाणी मुख्यतः वर, घाटमाथ्यावर पडलेलं. विश्रामबाग नदीपासून दूर आणि उंचावर असल्यानं नदीकाठच्या पेठांसारखी बुडाली नाही. पण जमीन इथेही तीच, काळी आणि चिकट. पाणी लागलं की ती फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगलेल्या मातीत हवा राहत नाही आणि हवेवाचून मुळं गुदमरतात. कुंडीत नुसती काळी माती भरली तर दोन उन्हाळ्यांत तिची वीट होते. जुनी माणसं नदीकाठची मळई आणून तिच्यात कालवायची. आता शेणखत, गांडूळखत, कोकोपीट आणि उसाचं कुजवलेलं पाचट यांवर भागतं. पाचट तर या जिल्ह्यात मागाल तेवढं. मे महिन्यात झाडाच्या बुंध्याभोवती त्याचा चार बोटं जाडीचा थर दिला, की रोज पाणी घालण्याची गरज उरत नाही. शेतकरी ते पेटवून देतात आणि बागवाले शहरात पोत्यानं विकत आणतात, हा व्यवहार मला अजून उमगलेला नाही.

कोणतं काम केव्हा, हे इथे अजूनही नक्षत्रांवर बोललं जातं. मृग ७-८ जूनला लागतं, मग आर्द्रा. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि २७ सप्टेंबरच्या आसपास हस्त. पंचांगात प्रत्येकाचं वाहन दिलेलं असतं. हत्ती, बेडूक, म्हैस आली की माणसं खूश, कोल्हा, मेंढा आला की चेहरे पडतात. त्या वाहनावर माझा विश्वास नाही. पण वेळापत्रक म्हणून नक्षत्रं पक्की आहेत, आणि त्याचं कारण साधं आहे. आपले सण चंद्राच्या तिथीवर चालतात, पावसाची नक्षत्रं सूर्यावर. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, त्यामुळे मृग असो की हस्त, इंग्रजी तारखेनुसार ते दरवर्षी जागच्या जागी येतं. ‘दसरा झाला की गुलाब छाटावा’ हा सल्ला घरोघर ऐकू येतो. पण २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि २०२५ चा २ ऑक्टोबरला. म्हणजे बावीस दिवसांचा फरक. दोन ऑक्टोबरला छाटलेल्या गुलाबाच्या फुटीवर हस्ताचा पाऊस झोडपतो आणि पानांवर काळे डाग धरतात. म्हणून सण पाहू नये, नक्षत्र पाहावं. हस्त संपताना, दहा ऑक्टोबरनंतर, कात्री काढावी. मेथी, पालक, मुळा, गाजर यांचं बीही तेव्हाच टाकावं. नवरात्र लवकर आलं असेल, तर घटाभोवती पेरलेलं धान्य कसं उगवलंय ते या सुमारास पाहून झालेलं असतं. रब्बीच्या तोंडावर बियाणं तपासण्याची एवढी सोपी रीत दुसरी नाही.

आता पाणी तोडण्याकडे येऊ. बागायतदार त्याला ताण देणं म्हणतो. आपल्याकडच्या बऱ्याच फळझाडांना युरोपातल्यासारखी बर्फाची विश्रांती मिळत नाही. पाणी मिळत राहिलं तर ती पानंच काढत बसतात. पाणी तोडलं की वाढ थांबते, पानांनी तयार केलेलं अन्न फांदीत साठतं आणि पुन्हा पाणी मिळताच त्या साठ्यावर कळी फुटते. लिंबाला यावरून तीन बहार सांगतात. मृग बहार पावसासोबत आपसूक येतो. आंबे बहारासाठी डिसेंबरात ताण द्यायचा, जानेवारीत खत घालून पाणी सोडायचं. फळं पावसाळ्याच्या तोंडाशी मिळतात. हस्त बहाराची फळं ऐन उन्हाळ्यात, लिंबू महाग असताना येतात, पण त्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरात ताण बसायला हवा आणि नेमका तेव्हाच सांगलीचा दुसरा पाऊस पडतो. शेतकरी त्यासाठी औषधांचा आधार घेतात. घरच्या एका झाडासाठी ती उठाठेव करू नये.

आंब्याचं तर पाणी ऑक्टोबरपासूनच थांबवायचं, फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत. अंगणातला आंबा मोहरत नाही म्हणून रोपवाटिकेतून महागडी औषधं आणणाऱ्या घरांत बहुतेक वेळा खरा दोषी असतो भिंतीपलीकडच्या हिरवळीचा फवारा. रोज संध्याकाळी तासभर चालणारा तो फवारा आंब्याला हिवाळ्यात पानं फोडायला लावतो. मोगऱ्याचंही तेच. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी जवळजवळ बंद करायचं, पानं पिवळी पडली तरी घाबरायचं नाही, जानेवारीच्या अखेरीस फांद्या निम्म्यावर आणायच्या, शेणखत घालून पाणी सोडायचं. चैत्रात ओंजळभर फुलं मिळतात. रोज तांब्याभर पाणी घालून मोगऱ्याचे लाड करणाऱ्यांना गर्द हिरवा ताटवा मिळतो आणि वास शेजाऱ्याकडून येतो.

द्राक्षवेल घरच्या मांडवावर चढवणारेही इथे आहेत. वर्षातून दोनदा छाटायची म्हटलं की पाहुणे चकित होतात. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपते, छाटणी एकदाच. दख्खनच्या उन्हात ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी घेऊन नव्या काड्या वाढवायच्या, त्या काड्यांच्या डोळ्यांत पावसाळ्याआधी घड तयार होतो आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर पडतो. ही दुहेरी शिस्त तासगाव भागानं इतकी मुरवली, की ‘थॉमसन सीडलेस’मधून निवडून बोरगावच्या आर्वे यांनी काढलेलं ‘तास-ए-गणेश’ हे वाण पुढे महाराष्ट्रभर लावलं गेलं. याच मातीत श्री. अ. दाभोलकरांचं काम रुजलं. गणिताचे प्राध्यापक असलेल्या दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. बागायतदारांनी एकमेकांच्या वेली पाहाव्यात, नोंदी ठेवाव्यात, एका घडामागे किती पानं हवीत हे मोजावं, हा त्यांचा आग्रह. पान हा अन्नाचा कारखाना आहे आणि ऊन हा कच्चा माल, या हिशेबावर पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत सुखानं जगू शकतं, असं ते मांडत. विश्रामबागेतल्या प्लॉटवर दहा गुंठे कुणाकडेच नाहीत. पण गच्चीवर सहा तास ऊन कुठे पडतं हे मोजून मगच कुंड्या मांडायच्या, एवढा हिशेब त्यातून घेता येतो.

द्राक्षाकडून आलेलं आणखी एक काम म्हणजे बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाची फवारणी. १८८२ साली फ्रान्समधल्या मेदोक भागात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता आणि त्याच तेवढ्या वेलींवर दावण्या हा बुरशीरोग नव्हता. १८८५ मध्ये त्यानं मिश्रण जाहीर केलं. घरच्या बागेला दहा लिटर पाणी पुरतं. शंभर ग्रॅम मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत, शंभर ग्रॅम चुना दुसरीत, मग दोन्ही एकत्र. लोखंडी खिळा बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. त्याच दिवशी वापरून संपवायचं. छाटणीनंतर, पानं नसताना, गुलाबावर आणि लिंबाच्या खोडावर मारायचं.

हळदीबद्दल थोडक्यात, कारण ती सांगलीत कुणाला शिकवायची? २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हळद साठवायची हरिपूरची पेवं सर्वांना माहीत आहेत. घरी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चार कंद रुंद कुंडीत लावतात आणि विसरतात. विसरू नये ते काम ऑगस्टात असतं, भर लावण्याचं. उघडा पडलेला कंद पोसत नाही आणि त्यावर कंदमाशी अंडी घालते. मग पानं पिवळी पडू लागली की इथेही पाणी तोडायचं आणि पाला वाळून आडवा झाला की काढायचं.

उरला मे. सगळ्यात दुर्लक्षित काम याच महिन्यात असतं. पहिला वळीव पडला की दोन-चार दिवसांत, संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास, हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुलिंबावर, बाभळीवर गोळा होतात. एकेक मादी मातीत पन्नासएक अंडी घालते. पुढे सप्टेंबरात गुलाब अचानक सुकतो, उपटला तर मुळंच नसतात आणि खाली पांढरी, वाकडी अळी निघते. तेव्हा उपाय फारसा उरत नाही. फांद्या हलवून भुंगेरे चादरीवर पाडायचे, हा उपाय मेच्या त्या चार-पाच रात्रींचाच. ऊसपट्ट्यातल्या गावांत तो सगळे मिळून करतात. विश्रामबागेत प्रत्येक आवारात कडुलिंब आहे आणि मध्ये कुंपण. एकानं झाड हलवलं आणि शेजाऱ्यानं नाही, तर उपयोग नाही; भुंगेऱ्यांना सीमा कळत नाही. तेव्हा पहिल्या सरीनंतर आजूबाजूच्या चार घरांना हाक घालावी, गेटवरचा दिवा मालवावा आणि अंगणात एकच बल्ब लावून त्याखाली पाण्याचं घमेलं ठेवावं. पूर्वी त्यात रॉकेल ओतायचे. आता ते मिळत नाही. भांडी घासायच्या साबणाचं पाणीही चालतं.