ताटातली कांती, रानातली करडई

१९६० साली हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या पठारावरच्या गरिबांबद्दल एक निरीक्षण मांडलं. मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा होतो हे जगाला ठाऊक होतं. इथे तो ज्वारीवर जगणाऱ्यांना होत होता. या रोगात उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते आणि सोलते. मानेभोवती हार घातल्यासारखा पट्टा उमटतो. पुढे जुलाब लागतात, भ्रम होतो. ज्वारीतल्या ल्युसिन या घटकामुळे शरीराला नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व पुरत नाही, असं या दोघांचं म्हणणं होतं. त्या कारणावर नंतर बराच वाद झाला, उपायावर मात्र नाही. ताटात नायसिन आणि चांगली प्रथिनं आली की कातडी सुधारत होती.

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीला ही गोष्ट परकी नाही. धाराशिव जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि इथलं मुख्य अन्न ज्वारीची भाकरीच. तरीही घरोघर पेलाग्रा झाला नाही, कारण ज्या घरात जमत होतं तिथे भाकरी एकटी नव्हती. तिच्यासोबत तुरीचं वरण, ताक आणि शेंगदाण्याची चटणी असे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात अकरा-बारा मिलिग्रॅम नायसिन असतं, म्हणजे जवळपास दिवसाची गरज भागेल एवढं. दुष्काळात किंवा हलाखीत आधी हे सोबतचंच सुटायचं आणि मग कातडी बोलू लागायची.

त्वचेच्या नैसर्गिक काळजीचा विचार इथून सुरू करायला हवा. दिवाळीच्या तोंडावर बाजार उटण्यांनी भरतो आणि मोबाइलवर लिंबू, मध, बेसनाच्या पाककृती फिरू लागतात. त्यांतलं काही उपयोगी आहे, काही निरुपद्रवी, तर काही घातक. पण लेपाने जे होतं त्याच्या कितीतरी पट काम ताट करतं, आणि ताटात काय येणार हे रानात काय पेरलं त्यावर ठरतं.

करडई गेली, पिशवी आली

मराठवाड्याच्या रब्बीत ज्वारीच्या कडेने करडई असायचीच. काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे, कोवळ्या पानांची भाजी व्हायची आणि बी घाण्यावर जायचं. करडईच्या तेलात साधारण सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त लिनोलेइक आम्ल असतं. ते शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते खाऊनच मिळवावं लागतं. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांचा आहार स्निग्धांशाविना ठेवला, तेव्हा त्यांच्या कातडीवर खवले आले. दगडी भिंतीच्या सांध्यांत चुना भरावा तसे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. त्यांत लिनोलेइक आम्लाचा मोठा वाटा असतो. तो कमी पडला की आतलं पाणी उडून जातं आणि त्वचा खरखरीत होते. आपल्याकडे कुपोषित मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर काटेरी पुळ्या येतात, त्याला फ्रायनोडर्मा म्हणतात. हैदराबादच्या पोषण संशोधकांनी त्यावर करडईचं तेलही वापरून पाहिलं आणि ते गुणकारी ठरलं.

आता रान बदललं आहे. खरिपात सोयाबीन पसरलं. करडई, जवस, कारळ मागे पडले आणि ज्वारीही आटली. सोयाबीनचं तेल वाईट नाही, त्यातही लिनोलेइक आम्ल निम्म्याच्या आसपास असतं. पण सोयाबीन विकायला बाजारात जातं आणि स्वस्तातली पिशवी म्हणून अनेकदा पामतेल घरी येतं. त्यात हे आम्ल जेमतेम दहा टक्के. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असतं. जवस भाजून-कुटून केलेली चटणी रोज ताटात असायची, ती आता सणापुरती उरली.

येळवशीची भज्जी

धाराशिव आणि लातूरकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस होते. सारं घर रानात जातं, कडब्याच्या कोपीपुढे पांडवांची पूजा होते आणि आंबील, बाजरीचे उंडे, भज्जी असं जेवण होतं. भज्जीत ओला हरभरा, तूर, वाल, वाटाणा, मेथी, गाजर, चिंच असं हंगामातलं सगळं पडतं. त्वचेला लागणाऱ्या गोष्टी मोजायला बसलं तर त्या या एका भांड्यात सापडतात. डाळींत प्रथिनं आणि जस्त आहे, पालेभाजीत लोह आहे, गाजरात अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल आहे. भरीला ताक घालून आंबवलेली आंबील आहे. अडचण इतकीच की हे जेवण वर्षातून एकदा होतं. घोळ, पाथरी, तांदुळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला हे बांधावर फुकट मिळतं, तेही तणनाशकाने कमी होत चाललं आहे.

सौंदर्याच्या लेखांत न येणारा एक मुद्दा म्हणजे रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. निस्तेज चेहरा, गळणारे केस, ठिसूळ नखं यांचं मूळ अनेकदा तिथे असतं. गोळी घ्यावी लागली तर ती घ्यावी. जेवणासोबत लिंबू, पेरू किंवा आवळा घेतला की धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं आणि त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन त्याशिवाय नीट तयार होत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेसोबत ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण आणलं, तेही याच दिशेचं पाऊल.

उटणं, तेल, हळद

आता लेपांकडे. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू पाचच्या आसपास. नेहमीच्या साबणाचा सामू नऊ-दहा. त्यात बोअरचं जड पाणी, म्हणजे साबणाचा पांढरट थर अंगावर राहतो आणि थंडीत हातपाय फुटतात. नरक चतुर्दशीला आधी तेल आणि मग उटणं या क्रमात शहाणपण आहे. तेल पाणी धरून ठेवतं. हरभऱ्याचं किंवा मसुरीचं पीठ जास्तीचं तेल अलगद काढतं. आंबेहळद, गव्हला कचोरा, नागरमोथा, वाळा हे मुख्यतः सुगंधासाठी. वर्षातल्या एका पहाटेपेक्षा हिवाळाभर आठवड्यातून दोनदा हे केलं तर फरक दिसतो. तेल खोबऱ्याचं किंवा करडईचं चालेल. तान्ह्या बाळाला मोहरीचं तेल चोळू नये, त्याने कोवळ्या त्वचेला इजा होते.

हळदीचा मान मोठा. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये मिळालं. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण त्या निकालाने हे ज्ञान जुनं आहे एवढंच ठरलं. प्रत्येक जखमेवर हळद गुणकारी आहे की नाही, हा त्या लढ्याचा विषय नव्हता. बाजारातल्या पुडीत क्रोमेटचा पिवळा रंग मिसळलेला असू शकतो, म्हणून अंगाला लावायची तर हळकुंडं घरी दळलेली बरी. भाजलं तर हळद नको, टूथपेस्ट नको, शाई नको. वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली भाग धरावा.

हे नको

लिंबाचा रस तोंडाला लावून उन्हात गेलं की काळे डाग आणि फोडही येतात. खाण्याचा सोडा अल्कधर्मी, तो चेहऱ्याला लावू नये. कोरफडीचा आतला पारदर्शक गर चालतो, सालीलगतचा पिवळा चीक धुऊन टाकावा, तो झोंबतो. पूर्वी कुंकू हळदीपासून होई. आता त्यात कृत्रिम रंग असतात. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, त्याला पुष्कळ बायका कोड समजून घाबरतात. टिकली थांबवणं हा पहिला उपाय.

सगळ्यात महाग पडतो तो गोरेपणाचा सोस. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या आई-मुलींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली. त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. गजकर्णावर दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मिश्र मलमही तसंच. चार दिवस खाज थांबते, मग चट्टा पसरतो. आणि अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये. तो कुष्ठरोग असू शकतो आणि त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

खुरपणीचा फुल बाह्यांचा शर्ट

सोयाबीन खुरपणाऱ्या बायका साडीवर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट घालतात, तोंडाला रुमाल बांधतात. उन्हापासून संरक्षणाचा याहून स्वस्त उपाय नाही. तो गाजरगवतापासूनही वाचवतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदलेलं हे तण आज प्रत्येक बांधावर आहे, आणि त्याच्या हवेतून येणाऱ्या कणांनी पापण्या, मान, कोपरांच्या घड्या इथली कातडी खाजून जाड होते. त्याला कडुनिंबाचा पाला पुरत नाही. रानातून आल्यावर अंग धुणं, ते कपडे वेगळे ठेवणं आणि गवत फुलायच्या आत हातमोजे घालून उपटणं, हेच औषध.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर बरणीत भरून विकता येईल असं फारसं काही उरत नाही. मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी, बांधावरची भाजी, ताक, एक पेरू, हातपायांना तेल आणि अंगावर सुती बाही, एवढीच ही यादी. यातलं बहुतेक बेंबळीच्या शिवारात पिकतं किंवा पिकत होतं. म्हणून त्वचेसाठी करायची सर्वांत मोठी गोष्ट आरशापुढे होत नाही, ती पेरणीच्या वेळी होते. पुढच्या रब्बीत ज्वारीच्या कडेने करडईची चार तासं आणि एका कोपऱ्यात जवस पेरला, तर घरचं तेल आणि वर्षाची चटणी दोन्ही निघतील.