न पुसली जाणारी फाईल



आपल्यापैकी अनेकांच्या घरी ऊसनोंदीचा व बिलांचा हिशेब आता संगणकावर असतो. जुनी फाईल पुसायला जावे, तर ‘फाईल वापरात आहे’ असा निरोप येतो आणि ती काही केल्या हलत नाही. अशा वेळी चिडून कळा बडवू नयेत. फाईल बिघडलेली नसते. कुठला तरी प्रोग्राम तिला धरून बसलेला असतो. दावे न सोडता बैल ओढला तर तो येईल का?

विंडोजच्या संगणकावर आधी सर्व उघडे प्रोग्राम बंद करावेत. तरी अडले, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात तो प्रोग्राम निवडून ‘एंड टास्क’ करावे. मात्र त्यातले न साठवलेले काम जाते, हे ध्यानात ठेवा. प्रोग्राम सापडेना, तर संगणक रीस्टार्ट करून लगेच फाईल पुसावी. बहुधा एवढ्यावर काम भागते.

विंडोज फोल्डरमधली फाईल अडली तर तिच्या वाटेला जाऊ नका. संगणकच बंद पडायचा! शिफ्ट दाबून डिलीट केलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे, आधी हिशेबाची नक्कल पेनड्राईव्हवर घ्या, मगच पुसा.