पान उलटणारा हात : संग्रहालयातील हस्तखुणांविषयी

संग्रहालयात हस्तलिखित काचेआड असते. उघडलेली दोन पाने दिसतात, उरलेला ग्रंथ बंदच राहतो. ब्रिटिश लायब्ररीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘टर्निंग द पेजेस’ ही संगणकीय सोय करून यावर उपाय काढला. पडद्यावर बोट फिरवले की पान उलटते. तीत सुलतान बैबर्सची १३०४ ते १३०६ या काळात कैरोत लिहिली गेलेली कुरआनची प्रतही आहे. पुढे २०१० साली मायक्रोसॉफ्टचे किनेक्ट आले. अवरक्त किरणांनी अंतर मोजून ते हवेतील हाताची हालचाल ओळखत असे. त्याचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले. तत्त्व मात्र रूढ झाले.

यंत्राला हात ओळखता आला तरी ‘पुढचे पान’ म्हणजे कोणती हालचाल, हे ग्रंथानेच ठरवायचे असते. मराठी पुस्तकाचे पान उलटताना हात उजवीकडून डावीकडे जातो, उर्दू किताबीचे उलटताना डावीकडून उजवीकडे. सुट्या पानांची पोथी खालच्या कडेने वर उलटली जाते. तिन्हींना मराठी पुस्तकाचीच खूण लावली, तर उर्दू वाचकाने सवयीने हात फिरवताच पान मागे जाईल. ज्याला ती लिपी येत नाही, त्याचा तर ग्रंथाच्या आरंभाविषयीच गैरसमज होईल. माझ्या मते ही तांत्रिक किरकोळ बाब नव्हे.

दुसरी अडचण परतणाऱ्या हाताची. एक पान उलटून हात मूळ जागी येतो, तेव्हा यंत्राला ती ‘मागचे पान’ ही खूण वाटते. चिमटीत पान धरल्यासारखी बोटे मिटलेली असतील तेवढीच हालचाल मोजावी, मोकळा हात सोडून द्यावा. हा उपाय मला पटतो, कारण कागदही आपण तसाच धरतो. (बोटाला थुंकी लावण्याची सवय मात्र यंत्राला शिकवू नये!)

हात खांद्याच्या वर धरावा लागला तर तो लवकर भरून येतो. म्हणून खूण छातीच्या उंचीवर, आटोपशीर असावी. चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षकासाठी उंची कमी करता यावी, आणि ज्यांना हात हलवणे कठीण आहे त्यांच्यासाठी साधे बटणही ठेवावे.

याचा अभ्यास वर्गात संगणकाशिवाय होऊ शकतो. एक उर्दू किताब, एक मराठी पुस्तक आणि पोथीच्या आकाराचे कागद विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. काही न सांगता पाने उलटू द्यावीत आणि हात कोठून निघतो, कोठे थांबतो, याची नोंद दुसऱ्या विद्यार्थ्याने करावी.