धूर दिसतो, पण कशाचा?

मंडळी, न्यायदर्शनात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. तुमच्या दारातल्या जुन्या मारुती ८०० च्या धुरावरूनही अनुमान करता येतं, फक्त तो नीट पाहायला हवा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा, तो स्वस्तातला. निळसर असेल तर ऑइल जळतंय.

पांढऱ्याचं मात्र सांभाळून, बरं का! डिसेंबरात कन्हानच्या नदीकाठी सकाळी गाडी सुरू केली की पांढरं निघतंच. ती नुसती वाफ, इंजिन तापलं की जाते. तापल्यावरही जात नसेल, आणि कुठे गळती नसताना रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तर ते सिलिंडरमध्ये शिरतंय. बहुधा हेड गॅस्केट गेलं. एकटा धूर हेतू म्हणून पुरत नाही. पाण्याची जोड मिळाली तरच व्याप्ती जुळते.

आपले लोक इथंच घाई करतात. पाणी ओततात आणि तशीच कामठीवरून नागपूर गाठतात. मे महिन्यात, ४५ अंशांत! हेड वाकतं आणि गॅस्केटचा खर्च इंजिनच्या खर्चावर जातो. काटा चढला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. आणि रेडिएटरचं झाकण? गरम असताना हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, उघडताच अंगावर उडतं. वरचा पाइप हाताला गार लागला की मगच उघडा.